इंजिनाची सासू

आमच्या धंद्यात दोन गोष्टी टाकवत नाहीत: तेलाच्या सँपलच्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या निदान लॅबला पाठवता येतात. किस्से कुठे पाठवणार? ते साचत जातात. मग एखाद्या रविवारी लखनौत, मानक नगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये चार मराठी मंडळी पोह्यांच्या बशा घेऊन बसली, की कुणीतरी म्हणतंच, "ए माधवी, त्या तुझ्या ट्रकवाल्यांचं सांग ना!"

मी इंजिन ऑइलच्या एका कंपनीत टेक्निकल इंजिनिअर आहे. माझं काम सांगायला सोपं: ट्रकवाल्यांना त्यांचं तेल सोडायला लावायचं आणि आमचं घालायला लावायचं. लखनौच्या ट्रान्सपोर्ट नगरात सलीम मिस्त्रीचं गॅरेज आहे, गॅरेजबाहेर एक लांब बाक आहे, आणि त्या बाकावर बसणारी मंडळी हे माझं गिऱ्हाईक. इथे आले तेव्हा मला वाटायचं, तेल म्हणजे तेल. ग्रेड बघावा, घालावं, मोकळं व्हावं. या बाकानं मला शिकवलं की माणूस एक वेळ पक्ष बदलेल, मोबाइल कंपनी बदलेल, पण इंजिनातलं तेल? छे!

*

पहिल्याच दिवशी मी बाकासमोर स्टूल ओढून लॅपटॉप उघडला. आमचं तेल थंडीत कसं वाहतं, उन्हात कसं टिकतं, सगळं रंगीत आलेख दाखवून सांगितलं. मंडळींनी इतक्या आदरानं ऐकलं की मला वाटलं, आज सगळे फिरले!

बाकाच्या टोकाला तिवारीजी बसले होते. साठी उलटलेली, पांढऱ्या मिशा, स्वतःचा एकच ट्रक आणि तो स्वतःच चालवणार. बाकावर त्यांचा शब्द शेवटचा. सलीम मला आधीच म्हणाला होता, "मैडम, तिवारीजी घूमे तो समझिए पूरी लाइन घूम गई।"

तिवारीजींनी शांतपणे विचारलं, "बिटिया, घर में कौन सा तेल खाती हैं?"

"मूंगफली का."

"अच्छा! लखनऊ में रहकर मूंगफली? सरसों क्यों नहीं?"

"सासूजी को नहीं चलता," मी म्हटलं.

"बस," तिवारीजी उठले आणि गमछा झटकला. "हमारे इंजन की भी सास है।"

बाक हसला. मी लॅपटॉप मिटला.

ही इंजिनाची सासू म्हणजे कोण, ते सलीमनं नंतर चहा पिताना सांगितलं. तिवारीजी क्लीनरचे ड्रायव्हर झाले, त्या दिवशी त्यांच्या उस्तादनं त्यांच्या हातात स्टिअरिंग दिलं आणि सांगितलं, "गाड़ी में सारसवाला तेल ही डालना।" तिवारीजी म्हणाले, "जी उस्ताद।" डब्यावर सारस पक्ष्याचं चित्र असलेलं ते तेल. त्या दिवसापासून दुसरा थेंब इंजिनात गेला नाही. का, कशाला, काही विचारलं नाही. एवढंच.

मी इंजिनिअर आहे. 'एवढंच' मला पुरत नाही. पण खरं सांगते, त्या चहाच्या ग्लासापाशीच मला या माणसाचा धाक वाटायला लागला.

*

आता याच्या अगदी उलटे आमचे गुप्ताजी. त्यांच्याकडे आठ-दहा ट्रक, आणि दर सर्व्हिसला तेलाचा ब्रँड नवीन! कारण एकच: तेल काळं पडतं.

मी त्यांना समजावलं. डिझेलच्या इंजिनात काजळी होणारच. चांगलं तेल ती काजळी स्वतःत धरून ठेवतं, म्हणून काळं दिसतं. कपडे धुतल्यावर पाणी गढूळ झालं नाही, तर कपडे धुतलेच नाहीत असं समजायचं. गुप्ताजी मन लावून ऐकत होते. मान डोलावत होते. शेवटी त्यांचा चेहरा उजळला.

"समझ गए मैडम, बिल्कुल समझ गए। तो ऐसा तेल दीजिए जो काम तो करे, मगर दिखाए नहीं!"

इतक्या अदबीनं नकार देणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही.

बरं, या गुप्ताजींच्या हौसेचा त्रास सगळ्यात जास्त कुणाला, तर त्यांच्या बायकोला. कारण आमच्या बाकाची एक रीत आहे. गाडीत नव्या ब्रँडचं तेल पहिल्यांदा जाणार असेल, तर त्याची पहिली धार घरच्या बाईच्या हातून पडायला हवी. नवं तेल म्हणजे घरात येणारं नवं माणूस, त्याला घरच्या लक्ष्मीनं आत घ्यायचं. मग बाकीचं तेल मिस्त्री ओततो. गुप्ताजी तर महिना-दोन महिन्यांनी तेल बदलणार! बिचाऱ्या भाभीजी दर वेळी चांगली साडी नेसून, हातात डबा धरून, ट्रकच्या बंपरपाशी उभ्या.

एके दिवशी त्यांनी डबा सलीमच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर नवऱ्याला सांगितलं, "अब या तो एक तेल पर टिकिए, या धार के लिए दूसरी औरत ढूँढ़िए!"

त्यानंतर गुप्ताजी सलग तीन सर्व्हिस एकाच तेलावर राहिले. ते तेल आमचं होतं. भाभीजींना मी दिवाळीत चकली पाठवते, ती उगाच नाही.

तिवारीजींच्या घरी मात्र ही धार आयुष्यात एकदाच पडली होती. त्यांच्या आईच्या हातून, सारसवाल्या तेलाची.

*

मे-जूनमध्ये मलिहाबादहून दशहरी आंबे निघतात, तेव्हा आमचा बाक रिकामा असतो. सगळे ट्रक दिल्लीच्या वाटेवर. एका वर्षी तिवारीजीही आंबे भरून निघाले आणि इटाव्याच्या अलीकडे त्यांच्या जुन्या ट्रकचं तेल गळायला लागलं. गळती त्यांनी तिथल्या मिस्त्रीकडून बंद करून घेतली. आता वरून दोन-तीन लिटर तेल घालायचं आणि निघायचं. मिस्त्रीकडे तेलाचे डबे होते, त्यांत सारसवालं नव्हतं.

तिवारीजींनी गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावली आणि सलीमला फोन केला. सलीम तडक आलमबागच्या बस स्टँडवर गेला, इटाव्याच्या बसच्या कंडक्टरच्या पायाशी सारसवाला डबा ठेवला आणि वर त्याला समोसे खाऊ घातले. बस पोचेपर्यंत तिवारीजी सावलीत बसून राहिले. मागे ताडपत्रीखाली आंबे पिकत होते. व्यापाऱ्याचे फोनवर फोन!

मी इंजिनिअर म्हणून सांगते, तेवढं दुसरं तेल घातलं असतं तर त्या इंजिनाला साधी शिंकही आली नसती. सलीमला हे ठाऊक होतं. तिवारीजी परत आल्यावर तो त्यांच्यावर भडकला, "और अगर आम सड़ जाते तो?"

"आम तो हर साल आता है, मियाँ," तिवारीजी म्हणाले. "उस्ताद को हर साल ज़बान थोड़े ही देनी है।"

सलीम माझ्याकडे बघायला लागला. मी चहा मागवला.

*

बाहेर जगाला तेल बदला म्हणून सांगत फिरणारी मी, माझ्याच घरात काय चालतं ते ऐका.

माझ्या सासूबाई बार्शीच्या. तिथल्या एका घाण्याचं शेंगदाणा तेल, तेवढंच त्यांना चालतं. लखनौत आल्या तरी तो डबा कुणा ना कुणा नातेवाइकाच्या सीटखालून रेल्वेनं येतोच. एकदा कुणीच आलं नाही आणि डब्याचा तळ दिसायला लागला. गिरीश, म्हणजे माझा नवरा, रेल्वेत इंजिनिअर. त्याला वाटलं, हा काय मोठा प्रश्न आहे! त्यानं आलमबागच्या बाजारातून चांगल्यातलं शेंगदाणा तेल आणलं आणि गुपचूप बार्शीच्या डब्यात ओतलं.

"अच्छा, यार, शेंगदाण्याचंच तर आहे," मला म्हणाला. "आईला कळणार पण नाही."

दुपारी सासूबाई जेवायला बसल्या. भाकरी, लसणाची चटणी आणि चटणीवर कच्च्या तेलाची धार. पहिला घास तोंडात गेला. त्या थांबल्या. डब्याकडे पाहिलं, मग गिरीशकडे पाहिलं.

"डबा आपला आहे रे," म्हणाल्या, "पण तेल पाहुणं आहे."

रागावल्या नाहीत, काही नाही. बार्शीहून डबा येईपर्यंत चटणी कोरडीच खाल्ली.

हा किस्सा मी बाकावर सांगितला तेव्हा सगळे पोट धरून हसले. तिवारीजी हसले नाहीत. ते उठून उभे राहिले, मानक नगर ज्या दिशेला आहे तिकडे तोंड केलं आणि हात जोडले.

"अम्मा को हमारा प्रणाम कहिएगा।"

मी घरी येऊन निरोप दिला. सासूबाईंनी विचारलं, "कोण गं हे?" मी सगळं सांगितलं, उस्ताद, आंबे, इटावा. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "माणूस आपल्यातला दिसतो."

*

मग तो जुना ट्रक थकला. तिवारीजींनी तो विकला, आयुष्यभराची पुंजी घातली आणि नवीन बीएस-सिक्स ट्रक घेतला. बाकावर लाडू वाटले. शोरूममधून येताना इंजिनात कारखान्यातूनच भरलेलं दुसरं तेल होतं. मी मुद्दाम छेडलं, "तिवारीजी, इसमें तो सारसवाला नहीं है!"

"वो तो बहू मायके से लाई है," ते म्हणाले. "मायके की चीज़ को कोई टोकता है क्या?"

पण माहेरचं किती दिवस पुरणार? पहिला ऑइल चेंज आला आणि खरा पेच पडला. या नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर गाळणारा एक फिल्टर असतो. त्याला कमी राख सोडणारं तेलच लागतं. जुन्या पद्धतीचं तेल घातलं तर राख साचत जाते, फिल्टर तुंबतो, आणि कंपनीची वॉरंटीही जाते. सारसवाल्यांचं तेल जुन्या गाड्यांना उत्तम, पण हा नवा ग्रेड ते बनवतच नव्हते.

मी तिवारीजींना चुलीचं उदाहरण देऊन सांगितलं. राख काढली नाही तर चूल गुदमरते. त्यांना पहिल्याच वाक्यात कळलं.

"समझ तो हम गए, बिटिया। गाड़ी हमारी जान है, इसे मारेंगे नहीं। और ज़बान दी है, उसे तोड़ेंगे नहीं।"

"तो?"

"तो खड़ी रहेगी।"

आणि खरंच त्यांनी ट्रक सलीमच्या आवारात उभा केला! कोरा करकरीत ट्रक, बंपरवरची झेंडूची माळ वाळत चाललेली, रोज सकाळी तिवारीजी येणार, काच पुसणार आणि बाकावर बसणार. भाडी परत जायला लागली. हप्ते काय उभ्या गाडीला थांबतात? बाकावर कुणी मोठ्यानं बोलेना. मी आमचं तेल विकण्याचं नाव काढणं सोडून दिलं. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून मला भीती वाटायला लागली होती.

सलीमनं एक तोड काढली. "नया तेल सारसवाले डिब्बे में भर देते हैं। न हमने देखा, न आपने।"

तिवारीजींनी माझ्याकडे बोट केलं. "इनकी अम्मा पकड़ लेंगी।"

मग गुप्ताजी म्हणाले, "अरे, तो उस्ताद से ही पूछ लीजिए!"

हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. उस्ताद हयात होते. जानकीपुरमला मुलाकडे राहत होते, पार म्हातारे, नजर गेलेली.

"उस्ताद से कैसे कहें कि आपका तेल छोड़ना है?" तिवारीजी म्हणाले आणि गमछ्यानं तोंड पुसलं.

"मी कहूँगी," मी म्हटलं. घाईत निम्मं मराठी, निम्मं हिंदी. "सास से बात करना मुझे आता है।"

*

सकाळी आम्ही तिघं माझ्या गाडीतून जानकीपुरमला गेलो. सलीम पुढे, तिवारीजी मागे, मांडीवर सारसवाला डबा. सोबत कशाला घेतला होता, देव जाणे. साक्षीदार म्हणून असेल.

उस्ताद गॅलरीत उन्हात खुर्चीवर बसले होते. तिवारीजींनी चपला जिन्यातच काढल्या, पाय धरले आणि तिथेच जमिनीवर बसले. मग मीच सगळं सांगितलं: नवी गाडी, फिल्टर, राख, आणि त्यांना दिलेला शब्द.

उस्तादनं मान तिरकी करून ऐकलं. मग आठवण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "सारसवाला? हमने कहा था?"

"जी उस्ताद," तिवारीजी म्हणाले. "जिस दिन स्टेरिंग दी थी।"

"अरे बेटा, तब अड्डे के मोड़ पर एक ही तो दुकान थी। वहाँ बस वही मिलता था। तुम नए-नए थे, सोचा होगा कहाँ भटकोगे, जो मोड़ पर मिले वही डालो।" आणि म्हातारा बोळकं तोंड उघडून हसला.

अख्खं आयुष्य! इटाव्याचं ते ऊन, पिकणारे आंबे, आवारात उभा असलेला तो ट्रक, सगळं एका कोपऱ्यावरच्या दुकानापायी! सलीम रस्त्याकडे बघायला लागला. मला तिवारीजींच्या तोंडाकडे बघवेना.

तिवारीजींनी सारसवाला डबा उस्तादच्या पायाशी ठेवला आणि पुन्हा पाय धरले.

"तो हुक्म मोड़ का था, उस्ताद," ते म्हणाले. "हम सारस का समझ बैठे।"

मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

*

परत येताना मी मनात खूश होते. तिवारीजी सुटले, गाडी सुटली, आणि आता आमचं तेल! लाइन घूम गई! सलीमच्या गॅरेजपाशी वळताना मागून आवाज आला, "बिटिया, ज़रा मोड़ पर रोकिए।"

सलीमच्या वळणावर एक स्पेअर पार्टचं दुकान आहे. आमचं तेल ठेवावं म्हणून त्या दुकानदारापुढे मी कधीच हात टेकले होते. तो एकच तेल विकतो, आमच्या सगळ्यात कट्टर स्पर्धकाचं.

तिवारीजी गेले आणि एक डबा घेऊन आले. "देख लीजिए, इस गाड़ी को चलेगा?"

मी डबा फिरवून पाहिला. नवा ग्रेड. अगदी बरोबर. "चलेगा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आपने कह दिया, अब पक्का। अब ज़िंदगी भर यही।"

सलीमला खोकला आला. मी त्याच्याकडे बघणं टाळलं.

"एक बात और," तिवारीजी म्हणाले. आई गेली, बायको गेली, मुलगा-सून बंगळूरला. नव्या तेलाची पहिली धार कुणी धरायची? मला वाटलं, मला सांगणार. त्यांनी हात जोडले. "अम्मा आ जाएँगी?"

दुसऱ्या दिवशी सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, मेट्रोनं, माझा हात धरून ट्रान्सपोर्ट नगरात उतरल्या. अख्खा बाक उभा राहिला. भाभीजी हळदीकुंकू घेऊन आल्या होत्या. सलीमनं ट्रकपाशी स्टूल मांडलं, इंजिनाचं झाकण काढून ठेवलं आणि डबा सासूबाईंच्या हातात दिला. मी शेजारी उभी, डोक्यावर आमच्या कंपनीची टोपी.

सासूबाईंनी चष्म्यातून डबा वाचला. "तुझ्याच कंपनीचं ना गं हे?"

"नाही आई. दुसऱ्यांचं."

"मग?"

"कोपऱ्यावर हेच मिळतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडून, मान खाली घालून उभ्या असलेल्या तिवारीजींकडे पाहिलं. दोन्ही हातांनी डबा उचलला आणि बारीक, सरळ, एकही थेंब बाहेर न सांडता धार धरली. धार पडत असताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "पाहुणं आहे. पण दारात किती दिवस उभं ठेवायचं?"

तिवारीजींनी डोळे पुसले आणि विचारलं, "अम्मा ने क्या कहा?"

सलीमला मराठीचं अक्षर येत नाही.

"कहा है," तो म्हणाला, "गाड़ी स्टार्ट करो!"